तेल ठिबकतं तोवर

ही बैठक अर्ध्या तासाची आहे. आसन म्हणून सिमेंटचं रिकामं पोतं चालेल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या कोरपन्यात ते शोधायला लांब जावं लागत नाही. डोळे मात्र मिटायचे नाहीत. तुमच्या गाडीच्या पोटातलं वर्षभराचं ऑइल समोर बाहेर येणार आहे, तेवढं नुसतं बघायचं आहे.

सकाळी लवकर बसा. इथल्या मे महिन्यात नऊ वाजले की टिनाच्या शेडखाली कोणाचं मन कशात लागत नाही. आधी गडचांदूर रोडला पाचेक मिनिटं गाडी फिरवून आणा, मग दहा मिनिटं तशीच उभी राहू द्या. ऑइल कोमट हवं. गार असलं तर चेंबरला चिकटून बसतं, कढत असलं तर हात पोळतो. पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जायचं नाही. हे मननात शोभत नसेल, पण आधी सांगून टाकलेलं बरं.

इंजिनावरचं ऑइलचं टोपण सैल करा. आता खाली या. चेंबरच्या तळाचा बोल्ट हाताने चाचपा, त्याखाली ट्रे सरकवा, पाना लावा, डावीकडे फिरवा. शेवटचे दोन आटे बोटांनी सोडवा आणि हात झटकन बाजूला घ्या.

बघा. पहिली धार मनगटाएवढी वाटते, काळी आणि घाईची. ट्रेमध्ये तिचा आवाज होतो. मिनिटाभरात ती करंगळीएवढी होते, मग दोऱ्याएवढी, मग दोरा तुटतो आणि थेंब पडू लागतात. छोट्या गाडीत साधारण तीन लिटर असतं. त्यातलं बहुतेक दोन-तीन मिनिटांतच येऊन गेलेलं असतं. उरलेला वेळ थेंबांचा आहे, आणि गॅरेजमध्ये नेमका हाच वेळ आपल्याला मिळत नाही. तिथे मागे दोन गाड्या उभ्या असतात.

थेंबाकडे पाहत राहा. तो काळा आहे म्हणून वाईट, असं मनात येईल. येऊ द्या. मग हेही आठवा की चांगलं ऑइल लवकर काळवंडतं. इंजिनातली काजळी स्वतःत धरून ठेवणं, तिला धातूवर बसू न देणं, हे त्याचं कामच आहे. आपल्याकडे त्यात रस्त्याची भर पडते. बल्कर आणि चुनखडीचे ट्रक दिवसरात्र चालतात, सिमेंटचे कारखाने चहूबाजूंनी आहेत, आणि एअर फिल्टर जुना झाला की ती पांढरी धूळ आत शिरते. गाडीच्या पुस्तकात दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं लिहिलेलं असतं. धुळीच्या रस्त्याला ते लवकर बदला, असं त्याच पुस्तकात पुढे लिहिलेलं असतं. ते पान आपल्यासाठी आहे.

एक थेंब. थांबा. दुसरा.

माझ्या आजोबांच्या बंडीखाली बांबूचं नळकांडं लटकलेलं असे. त्यात ओंगण: एरंडेलात कालवलेली काजळी. कापूस भरून बंडी बाजाराला निघायची त्याच्या आदल्या संध्याकाळी ते चाक जरा बाहेर ओढायचे आणि कण्याला ओंगण द्यायचे. हे काम त्यांनी कधी कोणाला पैसे देऊन करवलं नाही. पण चाकाची लोखंडी धाव सैल झाली की ती मात्र लोहाराकडेच जायची, धान्य देऊन. धाव तापवायला भट्टी लागते, ठोकायला दुसऱ्याचा हात लागतो. ओंगणाला फक्त आपली आठवण लागते. कोणतं काम आपलं आणि कोणतं कारागिराचं, याची त्यांची विभागणी इतकी साधी होती. (एरंडेल पुढे मोटारीतही आलं. वेकफिल्ड नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याने 1909 मध्ये मोटारीच्या ऑइलला कॅस्ट्रॉल नाव दिलं, ते त्यात मिसळलेल्या एरंडेलावरून; इंग्रजीत एरंडाला कॅस्टर म्हणतात.)

तेल नेमकं करतं काय, हे कळायला माणसाला बराच वेळ लागला. 1883 च्या सुमारास बीचम टॉवर हा इंग्रज इंजिनिअर रेल्वेच्या कण्याच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर कणा फिरू लागताच त्या भोकातून तेल उलटं वर येऊ लागलं. त्याने बूच मारलं. ते उडालं. लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू वर सरकली. फिरता कणा स्वतःच तेल आत ओढत होता आणि त्याच्या दाबावर वजनासकट तरंगत होता. ऑसबोर्न रेनॉल्ड्सने 1886 मध्ये याचं गणित मांडलं. तुमच्या इंजिनातही तेच चालतं. केसाहून कितीतरी पातळ अशा थरावर क्रँक तरंगत असतो, आणि तो थर ठीक आहे तोवर लोखंडाला लोखंड लागत नाही. हे मनात धरून पुन्हा थेंबाकडे पाहा. वर्षभर तुमचं कुटुंब याच्यावर तरंगत राजुऱ्याला, बल्लारपूरला, चंद्रपूरच्या दवाखान्यात जाऊन आलं.

मग हे काम ओंगण की धाव?

हिशेब करू नका असं मी म्हणणार नाही, पण तो लवकर संपतो. मजुरीचे दोन-तीनशे रुपये वाचतात. पाना, ट्रे, फनेल, रॅम्प विकत घेतले तर पहिली काही वर्षं तेही वाचत नाहीत. विश्वासाचं म्हणाल तर एका गॅरेजने बिलात फिल्टर लावला आणि गाडीत जुनाच ठेवला, हे मला वर्षभराने खाली शिरल्यावर कळलं. मीच त्यावर मागे खडूने खूण केली होती. पण बोल्टखालचा नवा वायसर टाकायला मीही एकदा विसरलो. महिनाभर अंगणातल्या ताज्या सड्यावर रोज सकाळी एक काळा ठिपका. घरच्यांनी काही म्हटलं नाही, फक्त रांगोळी दोन हात पलीकडे सरकली. तेव्हा दुसरा चुकतो म्हणून मी करतो, हे कारण मी सोडून दिलं आहे.

आता थेंब मोजता येतील इतके मंद झाले असतील. ट्रेकडे वळा. बैठकीचा अवघड भाग इथे आहे.

आजोबांचं ओंगण उरत नसे. चिमूटभर कण्याला लागायचं, थोडं वाटेच्या धुळीत गळायचं, संपलं. तुमच्यासमोर तीन लिटर उरलं आहे. बोल्ट खोलेपर्यंत ते गाडीचं होतं, आता तुमचं आहे. गॅरेजला आपण पैसे देतो ते पाना फिरवण्याचे समजून देतो. खरं तर त्यातला मोठा भाग या ट्रेकडे पुन्हा न पाहण्याचा असतो.

आपण त्याला जळकं ऑइल म्हणतो. नाव चुकीचं आहे. ते फार थोडं जळलेलं असतं. त्यात मिसळलेल्या द्रव्यांचे गुण संपतात, घाण साचते, मूळ तेल बरंचसं शाबूत राहतं आणि शुद्ध करून पुन्हा वापरता येतं. पण जळकं म्हटलं की ते टाकाऊ झालं, आणि टाकाऊला आपल्याकडे जागा पुष्कळ. शेजारी हमखास येतो. ‘भाऊ, फेकू नका, मले द्या, उधई लागली चौकटीले.’ मी बरीच वर्षं देत होतो. चौकटीला, कुंपणाच्या खांबांना, गोठ्याच्या वाशांना ते फासलं जायचं आणि लाकूड खरंच टिकायचं. आता देत नाही. त्यात इंजिनातले धातू असतात, ज्वलनातून आलेली घातक संयुगं असतात. हाताच्या कातडीला ते पुन्हा पुन्हा लागणं चांगलं नाही, आणि खांबाच्या बुडाशी जे झिरपतं ते पावसाबरोबर खाली जातं. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा इशारा असा की एका गाडीचं एका वेळचं ऑइल दहा लाख गॅलन, म्हणजे सुमारे 38 लाख लिटर गोडं पाणी नासवू शकतं. आकडा डोक्यात मावत नसेल तर आपली विहीर डोळ्यांसमोर आणा. तेवढी पुरे.

आपल्या कायद्यातही हे धोकादायक कचऱ्यात मोडतं. 2016 चे नियम तसं सांगतात. 1 एप्रिल 2024 पासून तर ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवरही वापरलेलं तेल शुद्धीकरणाकडे नेण्याची जबाबदारी आली आहे. ती साखळी कोरपन्यातल्या अंगणापर्यंत आपोआप येत नाही. ती गॅरेजच्या ड्रमपर्यंत येते. त्या ड्रमचं ऑइल कोण नेतो आणि कुठे नेतो, हे मेस्त्रीला विचारायला लाजू नका. भट्टीत जाळायला जात असेल तर ते आपल्याच छातीत परत येणार.

म्हणून माझं मत असं झालं आहे: ज्याला जुनं ऑइल नेऊन द्यायला खात्रीची जागा आहे, त्याने हे स्वतः करावं, ते ओंगण आहे. ज्याला ती जागा नाही, त्याने मुकाट गॅरेजला पैसे द्यावेत, त्याच्यासाठी ती धाव आहे. पण आयुष्यात एकदा तरी खाली बसून ही धार पाहावी.

थेंब थांबला. नवा वायसर, बोल्ट बेताने घट्ट. जोर दाखवला तर आटे जातात. जुना फिल्टर सोडवून काढा, नव्याच्या रबराला बोटाने ऑइल लावा आणि तो हातानेच आवळा. वरून नवीन ऑइल थोडं थोडं ओता. ते मधाच्या रंगाचं आहे, उद्या नसेल. गाडी सुरू करा, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत थांबा, खाली वाकून बोल्ट कोरडा आहे ना ते पाहा. बंद करा. गाडी रॅम्पवरून सपाट जागेवर घ्या, पाच मिनिटांनी पट्टी काढून पुसा, पुन्हा घाला, पुन्हा काढा. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी.

मग ट्रेमधलं ऑइल नव्या ऑइलच्याच रिकाम्या डब्यात भरा. गोडेतेलाच्या डब्यात नको, घरात लहान मुलं असतात. डब्यावर तारीख आणि किलोमीटर लिहा, आणि राजुऱ्याकडे किंवा चंद्रपूरला जाल तेव्हा तो विसरू नका.