खाटेला चार कोपरे असतात



मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील कफर्णहूमची घटना आपण अनेकदा ऐकली आहे. एका पक्षाघाती माणसाला चौघे जण खाटेवर घालून आणतात. दाराशी गर्दी आहे म्हणून छप्पर उघडतात आणि खाट खाली सोडतात. त्या आजाऱ्याच्या तोंडी एकही शब्द नाही. येशू पाहतो ती त्यांची, म्हणजे उचलणाऱ्यांचीही श्रद्धा. चौघांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, पण ते चार होते हे मार्कने आठवणीने नोंदवले आहे.

हा आकडा आज मुद्दाम काढला. घरभेटीला जातो तेव्हा पार्किन्सन्सचा आजार असलेल्या घरांत आम्हांला खाट उचलणारे बहुधा एकच माणूस दिसते. कुठे पत्नी, कुठे सून, कुठे लग्न लांबवलेली मुलगी.

लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले. मेंदूतील डोपामिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात, त्यामुळे हालचाल मंदावते. हा आजार संसर्गजन्य नाही, करणी नाही, कोणाच्या पापाची शिक्षा तर मुळीच नाही. तो पूर्ण बरा करणारे औषध अद्याप नाही. औषधांनी त्रास बराच आटोक्यात राहतो, पण ती घड्याळ पाहून घ्यावी लागतात. लेव्होडोपाची गोळी डाळ, अंडी, दूध यांच्याबरोबर घेतली तर काहींना तिचा गुण कमी येतो, म्हणून जेवणाची वेळही डॉक्टरांना विचारून ठरवावी लागते. सगळ्यांचा हात थरथरतोच असेही नाही. कोणाचे अक्षर बारीक होत जाते, कोणाचा आवाज इतका खाली जातो की शेजारी बसलेल्यालाही ऐकू येत नाही. रात्री कूस वळता येत नाही. मग जो वळवतो, त्याचीही झोप मोडते. एक रात्र नव्हे, वर्षानुवर्षे.

आम्हांला सर्वांत कठीण वाटते ते चेहऱ्याचे. या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात आणि हसू उमटत नाही. नातू मांडीवर येऊन बसला तरी आजोबांचा चेहरा कोराच. घरच्यांना वाटते, हे रागावले आहेत, यांना आता कशाचेच काही नाही. सून ताट वाढते, समोरून समाधानाची एक रेषही नाही. माणसाचे मन आपण चेहऱ्यावरून वाचतो. ती सवय सोडून, दिसत नसलेले प्रेम आहे असे धरून चालायचे, हे रोजच्या स्वयंपाकघरात फार अवघड आहे. आपण तर न दिसणाऱ्या परमेश्वरावर श्रद्धा ठेवणारी माणसे. तरी अवघडच जाते.

बाहेरचे जग आणखी कठोर. संध्याकाळी नवी पेठेतल्या गर्दीत तोल सावरत चालणाऱ्याला पाहून 'दिवसाच घेतलेली दिसते' असे कोणीतरी म्हणतेच. एकदा ऐकले की तो माणूस बाहेर पडणे सोडतो आणि त्याच्याबरोबर त्याची पत्नीही घरात अडकते.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना फेब्रुवारी १९८६ मधील पोप दुसरे जॉन पॉल यांची पुणे भेट आठवत असेल. तेव्हाचे ते ताठ, दमदार पोपमहोदय. पुढे त्यांना पार्किन्सन्स झाला. २७ मार्च २००५ च्या ईस्टर रविवारी ते खिडकीत आले, बोलू पाहिले, पण शब्द फुटला नाही. हातानेच आशीर्वाद दिला. सहा दिवसांनी, २ एप्रिलला, ते देवाघरी गेले. त्यांनी पद सोडावे असे म्हणणारेही त्या काळी होते. त्यांनी थरथरता हात जगापासून लपवला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र त्यांची खाट धरायला सिस्टर्स होत्या, सचिव होते, डॉक्टर होते. आपल्या गल्लीतल्या दोन खोल्यांत एकटी सून असते, आणि तिला आपण पोपमहोदयांचे धैर्य ऐकवतो. हे काही न्यायाचे नाही.

ख्रिस्तसभेच्या कायद्याने तिचा विचार केला आहे. १९८३ च्या धर्मविधी संहितेत ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एक तासाच्या उपवासातून वृद्धांना व आजाऱ्यांना सूट आहे, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही. औषध व पाणी तर कोणालाच वर्ज्य नाही. आजाऱ्याला एकटे टाकता येत नाही म्हणून एखाद्या रविवारी मिस्सा चुकली, तर तिने ते पाप मानू नये. तैलाभ्यंग संस्कारही केवळ मरणाच्या दारी द्यायचा नसतो; आजार बळावला की तो पुन्हा घेता येतो. फादर तेल घेऊन आले म्हणजे संपलेच, ही भीती मनातून काढा.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रुग्ण व नातेवाईक तिथे एकत्र जमतात, बोलतात. नृत्यदिग्दर्शक हृषीकेश पवार यांनी पुण्यात या रुग्णांना नृत्य शिकवले. ठेका मिळाला की अडलेले पाऊल कित्येकदा सुटते. आपल्याला एवढे मोठे काही जमेलच असे नाही. पण ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत किंवा चर्चच्या उंबऱ्यावर एखाद्याचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात, तेव्हा मागून ढकलू नका, ओढू नका. थांबा, हळू आवाजात 'एक-दोन, एक-दोन' म्हणा.

आणि घरी खाटेचा दुसरा कोपरा धरायला कोणीतरी हवे. आठवड्यातून दोन तास आजाऱ्यापाशी बसेल, म्हणजे त्या बाईला बाजारात जाता येईल, झोपता येईल, किंवा नुसते अंगणात बसता येईल. जे तयार असतील त्यांनी आज मिस्सेनंतर चर्चच्या कार्यालयात नाव द्यावे, तरुणांनीही द्यावे. ज्यांच्या घरी असा आजारी आहे त्यांनी संकोच न करता सांगावे. ख्रिस्तप्रसाद आम्ही घरी घेऊन येऊ. गिळायला त्रास होत असेल तर लहानसा तुकडा आणि चमचाभर पाणी देता येते. गोळीची वेळ मात्र आधी कळवा, त्याप्रमाणे आम्ही येऊ.