म्हणे फार्महाऊसवर मोकळा राहिला असता

मालकाने फाटकाला साखळीने बांधून सोडून दिलेल्या त्या पिटबुलचा फोटो एव्हाना सगळ्यांनी पाहिला आहे. मालकाचं म्हणणंही ऐकून झालं: ‘फार्महाऊसवर पाठवणार होतो. तिथे मोकळा राहिला असता.’

ही फार्महाऊसं कर्जतला असतात, मुरबाडला असतात. मालक पार्टीपुरता उगवतो. एरवी कुत्रा आंब्याच्या बुंध्याला बांधलेला आणि राखणदार भाताचं पातेलं काठीने पुढे सरकवणार, कारण हे जनावर हाताळायचं कसं हे त्याला कुणी शिकवलेलंच नसतं. अशा साखळीवर माणसावाचून वाढलेला कुत्रा एक दिवस सुटला, तर समोर कोण असेल? राखणदाराचं पोर. स्वतःच्या सोसायटीत ज्याची धास्ती वाटते, तो पगारी माणसाच्या लेकरांजवळ नेऊन बांधायचा, याला मोकळं ठेवणं म्हणायचं? बाळ झालं, बदली झाली, ही कुत्रा सोडण्याची कारणं निदान खरी तरी असतात.

परवा त्याला वाचवणाऱ्यांकडे जाऊन तो कुत्रा पाहिला. साखळीने मानेवरची कातडी सोलली होती. तिथली मुलगी मीठपाण्याने जखम पुसत होती आणि हा तिच्या मांडीवर हनुवटी टेकून होता. कान मुळापासून कापलेले. रुबाबासाठी कुत्र्याचे कान कापणाऱ्यांवर मी मागेही चिडून लिहिलं आहे, पुन्हा लिहीन.

तरी वाचवणाऱ्यांनाही सांगणं आहे: ‘हा अगदी लाडोबा’ म्हणून कुणाच्याही हाती देऊ नका. ऑगस्ट 2024 मध्ये गोव्यातल्या हणजुण्यात सात वर्षांचं पोर पिटबुलने मारलं. जुलै 2025 मध्ये मानखुर्दला दुसऱ्या एका पिटबुलने रिक्षात बसलेल्या मुलाच्या हनुवटीचा चावा घेतला आणि मालक हसत राहिला. केंद्राने मार्च 2024 मध्ये पिटबुलसह 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी घाला म्हणून राज्यांना पत्र धाडलं, ते कर्नाटक उच्च न्यायालयाने महिन्याभरात रद्द केलं. बंदीने या कुत्र्यांची सोय लागणार नव्हतीच. नसबंदी, बाहेर नेताना तोंडाला मुसकं, दत्तक देण्याआधी घर पाहून येणं, एवढा आग्रह धरा. कुत्राही वाचेल, शेजारचं पोरही.

आणि मालकाचं काय? प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड 10 ते 50 रुपये. त्या साखळीलाच त्याने याहून जास्त मोजले असतील.