सीमाभागातील दान आणि दासोह

परक्याला किंवा डळमळीत निष्ठेच्या माणसाला आपलेसे करण्यासाठी प्राचीन राजनीतिशास्त्राने साम, दान, भेद आणि दंड असे चार उपाय सांगितले. आजचे राज्यशास्त्र जिला ‘सौम्य सत्ता’ म्हणते, म्हणजे बळजबरी न करता शाळा, अनुदाने, भाषा आणि उत्सव यांच्या ओढीने माणसे आपल्याकडे वळवण्याचे सामर्थ्य, ती यांपैकी पहिल्या दोन उपायांतच बरीचशी सामावते. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या ‘धर्मकोशा’त राजनीतीला स्वतंत्र कांड आहे; म्हणजे राजाचे उपायही धर्मविचाराच्या कक्षेबाहेरचे मानलेले नाहीत. म्हणूनच निष्ठा मिळवण्याच्या हेतूने राज्याने दिलेले दान धर्मदृष्ट्या दान ठरते काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

तो सर्वांत टोकदारपणे उभा राहतो तो महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्या सीमेवर. १९५६च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव तत्कालीन म्हैसूर राज्यात गेले आणि तेथील मराठी भाषक अल्पसंख्य झाले; इकडे सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यातील कन्नड भाषक मराठी राज्यात अल्पसंख्य राहिले. १९६७ साली महाजन आयोगाने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे कर्नाटकाला द्यावीत, मात्र बेळगाव कर्नाटकातच राहावे, अशी शिफारस केली. ती महाराष्ट्राने नाकारली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. दावा प्रलंबित असताना दोन्ही राज्यांनी सीमेपलीकडच्या आपल्या भाषकांना मदतीचा हात पुढे केला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी जतमधील गावांवर हक्क सांगताना महाराष्ट्रातील कन्नड शाळांना अनुदान देण्याची घोषणा केली, तर २०२३ मध्ये महाराष्ट्राने आपली आरोग्य योजना सीमेपलीकडच्या ८६५ गावांना लागू केली. या मदतीने एखाद्या घरातील शस्त्रक्रिया होत असेल, एखाद्या शाळेचे छप्पर दुरुस्त होत असेल, तर ती घेणाऱ्याला दोष देणे अन्यायाचे होईल. प्रश्न देणाऱ्याच्या हेतूचा आहे.

भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची शक्यता नसलेल्याला, केवळ द्यायचे म्हणून, दिलेले दान सात्त्विक आणि परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने दिलेले दान राजस ठरवले आहे. बाराव्या शतकातील बसवेश्वर आणि त्यांचे सहकारी शरण यांनी हा भेद आणखी खोल नेला. त्यांनी दानाच्या जागी ‘दासोह’ ही कल्पना मांडली. दासोह म्हणजे आपण दास आहोत, आपल्या श्रमातून आलेले समाजाचेच आहे, या भावनेने ते समाजाला पोहोचवणे. दानात देणारा वर आणि घेणारा खाली राहतो, दासोहात देणाऱ्याचे दातेपणच गळून पडते. या परंपरेतील दानम्मा देवीचे क्षेत्र असलेले गुड्डापूर नेमके जत तालुक्यातच आहे, आणि लिंगम्मा नावाच्या मुलीला तिच्या दातृत्वामुळे ‘दानम्मा’ हे नाव मिळाले, असे परंपरा सांगते. तिच्या दर्शनाला कर्नाटकातून येणारा भाविक सीमा ओलांडतो, पण त्यामुळे गुड्डापूर कर्नाटकाचे व्हावे असे त्याची भक्ती मागत नाही. तसेच बेळगाव जिल्ह्यातील चिंचलीच्या मायाक्काला किंवा सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणाऱ्या मराठी भाविकाच्या मनातही नकाशा नसतो. ज्ञानदेवांनी ‘कानडा’ म्हटलेला विठ्ठल पुरंदरदासांच्या कन्नड पदांच्या नाममुद्रेतही आहे. तेथे दोन भाषांना एका दैवताची वाटणी करून घ्यावी लागली नाही.

राज्य मात्र असे अविभक्त नाते सहन करू शकत नाही, कारण त्याला एका माणसाची एकच गणना हवी असते, आणि म्हणून त्याच्या दानात भेद हा तिसरा उपाय नकळत मिसळतो. जतच्या गावांवरील हक्कासाठी आधार घेतला गेला तो २०१२ साली पाण्याच्या दुर्भिक्ष्यातून झालेल्या ठरावांचा. त्या गावांचे दुखणे तहानेचे होते. त्याचा अर्थ निष्ठेच्या भाषेत लावला गेला, ही त्या माणसांची क्रूर अवहेलना होती.

संविधानाला या धोक्याची जाणीव होती, असे म्हणण्यास आधार आहे. ज्या वर्षी भाषावार सीमा आखल्या गेल्या त्याच वर्षी, सातव्या घटनादुरुस्तीने, अनुच्छेद ३५०-अ आणि ३५०-ब समाविष्ट झाले. पहिल्यात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा असे सांगितले असून, दुसऱ्यात अशा संरक्षणांवर लक्ष ठेवणाऱ्या विशेष अधिकाऱ्याची तरतूद आहे. ही जबाबदारी मूल ज्या राज्यात राहते त्या राज्याची आहे, शेजारच्या नव्हे. जतमधील कन्नड शाळेचे देणे महाराष्ट्र लागतो आणि खानापुरातील मराठी शाळेचे देणे कर्नाटक लागतो. हे देणे थकते तेव्हाच सीमेपलीकडच्या दात्याला जागा मिळते, आणि घेणाऱ्या मुलाला आपल्या पाठ्यपुस्तकासाठी कोणाचे तरी ऋणी व्हावे लागते.