घर आणि वास

गेल्या महिन्यांत माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. धंद्यांत त्याचें बरें चाललें आहे. ग्रीस देशांत, अथेन्स शहरीं, एखादें घर विकत घ्यावें व त्यायोगें सहकुटुंब तेथें राहण्याचा परवाना मिळवावा, असा त्याचा बेत होता. व्यवहाराची माहिती त्यानें आधींच मिळविली होती. मला त्यानें विचारलें तें इतकेंच, "सर, यांत कांहीं गैर नाहीं ना?" त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. मागाहून जें सुचलें तें येथें मांडतों.

योगायोग असा कीं, त्यानें ज्या शहराचें नांव घेतलें, त्याच शहरांत हा प्रश्न चोवीसशें वर्षांपूर्वीं अगदीं उलट्या रूपानें उभा होता. प्राचीन अथेन्समध्यें बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांचा 'मेटिक' नांवाचा निराळा वर्ग असे. मेटिक पुरुषानें वर्षाला १२ द्राक्मा कर द्यावा, लढाईच्या वेळीं शस्त्र घेऊन उभें राहावें. परंतु नगरीनें खास हक्क दिल्यावांचून त्याला तेथें जमीन किंवा घर घेतां येत नसे. अॅरिस्टॉटल हा मूळचा स्टॅगिराचा, म्हणून अथेन्समध्यें परकाच. आयुष्याचीं तीस वर्षें त्यानें या नगरींत शिकण्यांत व शिकविण्यांत घालविलीं. पण तेथील एका खोलीचा धनी होण्याचाहि हक्क त्यास नव्हता. वास होता, मालकी नव्हती.

आज पारडें फिरलें आहे. २०१३ सालच्या एप्रिलमध्यें ग्रीसनें कायदा केला कीं, अडीच लाख युरोंची स्थावर मिळकत घेणाऱ्या, युरोपीय संघाबाहेरील माणसास पांच वर्षांच्या निवासाचा परवाना द्यावा, आणि मिळकत हातीं असेपर्यंत तो पुनः पुनः वाढवून द्यावा. २०२४ पासून अथेन्ससारख्या ठिकाणीं ही रक्कम आठ लाखांवर नेली आहे. नवल हें कीं, परवाना टिकविण्यासाठीं तेथें अमुक दिवस राहिलेंच पाहिजे, अशी अट नाहीं. घर विकलें तर निवासाचा हक्क जातो. घराकडे वर्षानुवर्षें न फिरकल्यानें मात्र जात नाहीं. मालकी आहे, वास नाहीं.

यावर कोणी म्हणेल, कर्जांत बुडालेल्या देशाला पैसा हवा होता, विकणारा राजी होता, घेणारा राजी होता. मग बिघडलें कोणाचें? शिवाय जमीन आणि गांवकी यांचें नातें आपणांसहि अपरिचित नाहीं. पेशवाईंतल्या गांवांत मिरासदार व उपरी असा भेद असे. मिरास विकतहि घेतां येई, व तिच्याबरोबर गांवांत मान मिळे. परंतु त्या मानाबरोबर साऱ्याचा जड बोजाहि मिरासदाराच्या माथीं येई. उपऱ्याचा सारा बहुधा हलका असे. तेव्हां पैसा देऊन गांवांत शिरणें हा मुळांत दोष नव्हे. गांवाचा भार न उचलतां गांवकरी म्हणविणें हा दोष होय.

हा दोष किती बोचरा आहे, तें त्याच एप्रिलमधील दुसऱ्या एका घटनेवरून दिसतें. ग्रीसमधील मानोलाडा येथें स्ट्रॉबेरीच्या मळ्यांत राबणाऱ्या बांगलादेशी मजुरांनीं थकलेली मजुरी मागितली, तेव्हां राखणदारांनीं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्यापाशीं कामाचा परवाना नव्हता. ग्रीसनें या मजुरांचें वेठबिगारीपासून रक्षण केलें नाहीं, असा निर्णय युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें २०१७ सालीं दिला. जे त्या भूमींत राहत होते, घाम गाळीत होते, ते बेकायदेशीर. आणि ज्याचें पाऊल वर्षांतून एकदांहि तेथें पडणार नाहीं, तो कायदेशीर रहिवासी!

घर विकणारा घराचा धनी असतो. पण शेजाराचा धनी कोण? तो कोणा एकाचा नसतो, म्हणून तो कोणा एकानें विकावयाचाहि नसतो. घरें महागलीं, हें कारण पुढें करून पोर्तुगालनें २०२३ सालीं व स्पेननें २०२५ सालीं घरखरेदीची ही वाट बंद केली. बंद दारांआड रिकामी पडलेली खोली शेजाऱ्यालाहि महाग पडते, हें तेथें उमगलें असावें.

आपल्या 'वास्तु' या शब्दाचा धातु 'वस्', म्हणजे राहणें. घराला नांव मिळालें तें मालकीवरून नव्हे, राहण्यावरून. म्हणून त्या विद्यार्थ्यास मीं पत्रानें एवढेंच कळविलें: "मुलांबाळांसाठीं सुरक्षित ठिकाण शोधण्यांत कांहीं गैर नाहीं. घर अवश्य घे. पण तेथें राहणार असशील, तेथील भाषा शिकणार असशील, शेजाऱ्याच्या अडीअडचणीला उठणार असशील, तर घे. नुसती किल्ली खिशांत ठेवावयाची असेल, तर तूं घर घेत नाहींस. दुसऱ्या कोणाची तरी जागा अडवितोस."