भिषक्, आणि 'तुमचं नाव काय?'



आज विष्णुसहस्रनामातली दोन नावं घेऊ. ५७८ वं नाव 'भेषजम्' आणि ५७९ वं 'भिषक्'. भेषज म्हणजे औषध, भिषक् म्हणजे ते देणारा वैद्य. औषधही तोच आणि वैद्यही तोच. आद्य शंकराचार्य आपल्या भाष्यात या दोन्ही नावांचा अर्थ संसाररूपी रोगाशी जोडतात. तो अर्थ मोठा आहेच. पण आज जरा वेगळ्या बाजूने बघू या. ही नावं सांगतंय कोण, आणि कुठल्या अवस्थेत?

सांगतायत भीष्म. युद्धाच्या दहाव्या दिवशी ते रथातून पडले, पण जमिनीला टेकले नाहीत, कारण अंगभर बाण घुसले होते आणि शरीर त्या बाणांवरच तोललं गेलं. म्हणजे आपण रोज सकाळी हेडफोन लावून जे सहस्रनाम ऐकतो, ते एका अत्यंत जखमी माणसाच्या तोंडून आलेलं आहे. आजच्या भाषेत सांगायचं तर ट्रॉमा पेशंटच्या तोंडून.

आणि सर्जन तिथे आले होते बरं का! भीष्मपर्वात स्पष्ट उल्लेख आहे. दुर्योधनाने शरीरातले बाण काढण्यात निष्णात असलेले वैद्य बोलावले, ते सगळी साधनं घेऊन हजर झाले. भीष्मांनी त्यांचा मान राखायला सांगितला, त्यांना धन द्यायला सांगितलं आणि परत पाठवलं. पुढे अनुशासनपर्वात हेच भीष्म युधिष्ठिराला देवाची हजार नावं सांगतात आणि त्यात 'भिषक्' हे नाव घेतात. दारात आलेला वैद्य परत पाठवणारा माणूस देवाला वैद्य म्हणतो!

इथे एक धोका आहे, तो आधीच बोलून टाकतो. "भीष्मांनी सर्जन परत पाठवले, मग आपणही नामावर सोडून द्यावं" असा अर्थ कुणी काढू नये. भीष्मांना इच्छामरणाचा वर होता. उत्तरायणापर्यंत प्राण धरून ठेवायचे हे त्यांनी ठरवलं होतं. क्षत्रिय म्हणून हीच आपली परम गती, असं ते मानत होते. तो त्यांचा स्वतःच्या देहापुरता निर्णय होता. रस्त्यावर पडलेल्या दुसऱ्याच्या देहाबद्दल असा निर्णय घ्यायचा अधिकार ना तुम्हाला आहे, ना मला. आणि त्यांनीही वैद्यांना हिणवून नाही, सन्मान करून पाठवलं.

आता नावांकडे येऊ. सहस्रनाम सुरू करताना भीष्म या नावांना 'गौण' म्हणतात. मराठीत गौण म्हणजे कमी महत्त्वाचं. इथे तसं नाही. इथे गौण म्हणजे गुणांवरून पडलेलं. देवाने जे केलं, देव जसा आहे, त्यावरून ते नाव आलं. खुद्द भीष्मांचंही तसंच. जन्मनाव देवव्रत. वडिलांसाठी राज्य सोडलं, आजन्म ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा घेतली. ती प्रतिज्ञा इतकी भीषण, की तिच्यावरूनच 'भीष्म' हे नाव पडलं. आधी कृती, मग नाव.

आपलं मात्र उलट असतं. बाराव्या दिवशी बारसं. आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. त्या बाळाने अजून काहीच केलेलं नसतं. दया नावाच्या मुलीने अजून कुणावर दया केलेली नसते, विजय अजून कशातच जिंकलेला नसतो. आपल्याला नाव आधी मिळतं आणि त्याला शोभेल असं वागण्याचं काम उरलेल्या आयुष्यावर सोडलेलं असतं. एका अर्थी आपलं नाव म्हणजे घरच्यांनी आपल्याकडून मागितलेला शब्दच.

शल्यचिकित्सेच्या परंपरेत याचं एक छान उदाहरण आहे. सुश्रुत. सु म्हणजे चांगलं, श्रुत म्हणजे ऐकलेलं. ज्याने नीट ऐकलं तो, किंवा ज्याचं नाव सगळीकडे ऐकू आलं तो. सुश्रुतसंहितेत तो काशिराज दिवोदास धन्वंतरींसमोर शिष्य म्हणून बसून ऐकतो. नवविधा भक्तीत पहिली भक्ती कोणती? श्रवण! हातात शस्त्र घेणाऱ्याचं नावच ऐकण्यावरून आहे, हे मला फार आवडतं.

आणि नुसतं ऐकून भागत नाही, हेही तीच संहिता सांगते. शिष्याने आधी कोहळा, दुधी, काकडी यांच्यावर कापण्याचा सराव करावा, बांधण्याचा सराव कापडी बाहुल्यावर करावा, मग माणसाला हात लावावा. आयुर्वेदाच्या आठ अंगांत शल्याला पहिलं स्थान का, याचं कारणही तिथे दिलंय: मार लागून झालेल्या जखमा भरण्याचं काम सगळ्यात आधीचं. अशा आघाताला तिथे 'अभिघात' म्हटलंय. ट्रॉमा या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थही जखम हाच. आपण अजूनही म्हणतो ना, "ते शल्य मनात राहिलं"? शल्य म्हणजे मूळचं बाणाचं टोक.

सुश्रुतांनी शरीरात १०७ मर्मं सांगितली. त्यातल्या एका प्रकाराचं नाव 'विशल्यघ्न'. तिथे शल्य रुतलेलं असेपर्यंत माणूस जगतो, ते उपटलं की जातो. भीष्मांची अवस्था अशी होती असं महाभारत म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण आज प्रथमोपचारात हेच शिकवतात: अंगात चाकू किंवा सळई घुसली असेल तर जागेवर ओढून काढू नका, कारण फुटलेली रक्तवाहिनी कदाचित तिनेच दाबून धरलेली असेल.

आता आजच्या ट्रॉमा सर्जनकडे येऊ. जखमी माणूस आत आणला की तो पहिला प्रश्न काय विचारतो, माहितीये? "तुमचं नाव काय?" आणि पाठोपाठ, "काय झालं?" हा फॉर्म भरण्यासाठीचा प्रश्न नाही, ती तपासणी आहे. पेशंटने नाव नीट सांगितलं, तर दहा सेकंदांत खूप काही कळतं. आवाज निघतोय म्हणजे श्वासाची वाट मोकळी आहे. वाक्य पूर्ण होतंय म्हणजे छातीत पुरेसा दम आहे. उत्तर सुसंगत आहे म्हणजे मेंदूला रक्त पोचतंय. १९७४ मध्ये ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी शुद्ध मोजण्याचं जे माप दिलं, त्याची बेरीज ३ ते १५ असते. त्यात बोलण्याचे पूर्ण ५ गुण त्यालाच, ज्याला आपण कोण, कुठे आणि काळ कोणता हे सांगता येतं.

म्हणजे बारशाला कानात पडलेलं ते नाव आयुष्याच्या सगळ्यात वाईट क्षणी आपण जिवंत असल्याची खूण ठरतं.

पण उत्तर आलंच नाही तर? खरी कसोटी इथे आहे. पेशंट बेशुद्ध, खिशात ओळखपत्र नाही, बरोबर कुणी नाही. कागदावर 'अनोळखी इसम' लिहिलं जातं. आणि सर्जन थांबत नाही. आधी श्वासाची वाट, मग श्वास, मग रक्तस्राव. नाव, गाव, जात, पैसे भरणार कोण, सगळं नंतर. १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितलं: डॉक्टर सरकारी असो वा खासगी, जीव वाचवणं आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर.

या वाटेवर आयुष्य घालवलेला एक सर्जन म्हणजे अमेरिकेतले डॉ. आर ॲडम्स काउली (१९१७–१९९१). त्यांच्या नावाची गंमत बघा. सुरुवातीला नुसतं एक अक्षर 'आर', पुढे टिंबसुद्धा नाही. बाल्टिमोरच्या त्यांच्या संस्थेच्या पाटीवर आजही तसंच लिहितात. हृदयाच्या शस्त्रक्रिया करणारा हा माणूस. लष्करी सर्जन म्हणूनही काम केलेला. शॉकमध्ये गेलेले पेशंट नेमके का दगावतात हे समजून घ्यायचा त्यांनी ध्यास घेतला आणि १९६० च्या सुमारास सैन्याच्या अनुदानावर दोन खाटांचा विभाग सुरू केला. मरणाच्या दारातले पेशंट तिथे आणले जायचे, म्हणून लोक त्याला 'मरणाची प्रयोगशाळा' म्हणायचे. काउलींनी काम सोडलं नाही. १९७० पासून मेरीलँडच्या पोलिसांची हेलिकॉप्टर्स जखमींना रस्त्यावरून थेट त्यांच्याकडे आणू लागली. 'गोल्डन अवर' हा शब्द आज आपण सगळे वापरतो, तो रुजवला त्यांनी. घड्याळातला साठावा मिनिट म्हणजे काही लक्ष्मणरेषा नव्हे. सांगायचंय ते इतकंच की उशीर जीव घेतो. आज त्या दोन खाटांचं मोठं ट्रॉमा सेंटर झालंय आणि त्याला त्यांचंच नाव आहे. लोकांनी आधी कामाला नावं ठेवली, मग त्याच कामाला त्यांचं नाव दिलं. हे झालं 'गौण' नाम, भीष्म म्हणतात त्या अर्थाने.

मंडळी, २०२२ या एका वर्षात भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. हा सरकारी आकडा आहे. यातल्या कितीतरी जणांभोवती आधी घोळका जमला असेल आणि कुणीतरी मोबाइल काढला असेल. त्या घोळक्यात आपल्यासारखा एखादा रोज सहस्रनाम ऐकणाराही असू शकतो. 'भिषक्' हे नाव रोज घेणाऱ्याने तिथे काय करायचं?

"पोलिसांचं लफडं नको" ही भीती खरी आहे, पण आता तिला कायद्याचं उत्तर आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलंय. सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण मिळतं. २०२० च्या नियमांनुसार मदत करणाऱ्याला स्वतःचं नाव, पत्ता सांगायची सक्ती कुणीही करू शकत नाही. जखमीचं नाव कळलेलं नाही, मदत करणाऱ्याचं विचारलं जाणार नाही. दोन बिननावाची माणसं आणि मध्ये नाव फक्त त्याचं, भिषक्.

अजामिळाची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. मुलाचं नाव नारायण ठेवलं होतं, शेवटी त्यालाच हाक मारली आणि तरला. म्हणून आपल्या घरांत देवांची नावं ठेवतात. हाक मुलाला, नाम देवाचं. हीच गोष्ट उलटी वाचून बघा. रस्त्यावर पडलेला माणूसही कुणाचा तरी नारायण आहे. त्याची आई घरी त्याच नावाने वाट बघते आहे. आपल्याला ते नाव माहीत नाही एवढंच.

आजची साधना साधी आहे. जपमाळेत मणी १०८, आणि महाराष्ट्रात तातडीच्या रुग्णवाहिकेचा नंबरही १०८. तो फोनमध्ये सेव्ह करा, घरच्यांच्या फोनमध्येही. चार गोष्टी पाठ करा: रक्त वाहतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, रुतलेली वस्तू ओढायची नाही, मान वळवायची नाही, पाणी पाजायचं नाही. जमलं तर या महिन्यात प्रथमोपचाराचा एखादा वर्ग करा. सुश्रुतांचे शिष्य दुधीवर हात बसवायचे, आपण निदान बाहुलीवर बसवू.

आणि कधी वेळ आलीच, तर त्या माणसाजवळ गुडघ्यावर बसून आधी विचारा, "दादा, तुमचं नाव काय?" उत्तर आलं तर त्याच नावाने बोलत राहा, त्याला एकटं वाटू देऊ नका. नाही आलं, तर १०८ लावा आणि हात जखमेवर ठेवा. नामस्मरण तेव्हाही चालूच राहू द्या.

राम कृष्ण हरी.