तीन दगडांची चूल

रानात शिजवलेली खिचडी घरच्या पक्वान्नाहून गोड लागते, हा बहुतेकांचा अनुभव आहे. ती बुडाशी करपलेली असते. मीठ विसरलेले असते, नाही तर दोघांनी दोनदा टाकलेले असते. वर राखेचे चार कण असतातच. तरी पातेले पुसून खाल्ले जाते. तीच खिचडी घरी कोणी वाढली, तर दोन घास खाऊन माणसे हात धुतील. मग रानातल्या चुलीवर ही चव येते कुठून? प्रश्न जिभेचा दिसतो. पण थोडे खोल गेले की तो नीतीचा होतो, असे मला वाटते.

दिवाळीच्या दिवसांत त्याचा विचार करायला हरकत नाही. फराळाचे डबे रिकामे होत आले की कार्तिकातले आवळीभोजन येते. आवळ्याच्या झाडाखाली जेवण्याची ही रीत म्हणजे आपली जुनी वनसहलच. पुढे थंडी वाढली की आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे परवापरवापर्यंतच्या नगर जिल्ह्यात, ज्वारीच्या शेताकडेला हुरड्याची आगटी पेटते. ज्यांची हौस एवढ्याने भागत नाही ते तंबू घेऊन भंडारदऱ्याला जातात. आमचे घर त्यांपैकीच. अकोले तालुक्यात प्रवरेवर १९२६ साली पुरे झालेले विल्सन धरण आहे. त्याच्यामागे जलाशय पसरला आहे आणि उत्तरेला कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर उभे आहे. वर्षातून एकदा दोन दिवस आम्ही तिथे राहतो. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या मोकळ्या वावरात तीन दगड मांडतो.

चूल मांडायची ती आमच्या ह्यांनी. तिचे तोंड वाऱ्याकडे किती ठेवावे यावर त्यांचा आणि भावजींचा दर वर्षी वाद होतो. भावजी पाणी आणतात. मुले वाळक्या काटक्या गोळा करतात; बारीक काटकी झटकन पेटते आणि जाड लाकडाचा निखारा टिकतो, हे पुस्तकाशिवाय शिकतात. जाऊबाई आणि मी कांदा चिरतो, डाळ-तांदूळ धुतो. घासताना काजळी सहज निघावी म्हणून पातेल्याला बाहेरून माती फासायचे काम धाकट्याचे. सासूबाई दगडावर बसून सर्वांच्या चुका काढतात. कोणी रिकामे नसते, आणि कोणाला त्याचे ओझेही वाटत नाही.

ही चव धुराची, असे कोणी म्हणतात. कोणी म्हणतात, ती भुकेची आणि मोकळ्या वाऱ्याची. दोन्हींत थोडे तथ्य असेल. पण एका वर्षी, पावसाच्या तोंडाशी काजवे पाहायला गेलो असताना, आम्ही तंबूवाल्यांकडेच जेवण सांगितले. भाकरी चुलीवरचीच होती. धूर तोच, वारा तोच, भूकही तीच. रांधणाऱ्या गावच्या बाईच्या हाताला आमच्याहून कितीतरी अधिक चव होती. जेवण उत्तम झाले. पण पातेले पुसून खाण्याची ती गोष्ट काही घडली नाही. मुले ‘छान होते’ म्हणाली आणि हात धुऊन उठली.

आता याच पाण्याबरोबर थोडे खाली यावे. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेतून आणि तिच्या कालव्यांतून उतरते आणि जिल्ह्याच्या उत्तर भागात ऊस पिकवते. या उसाच्या मुलखात १९५० साली प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांची नावे त्याच्याशी कायमची जोडलेली आहेत. शेतकऱ्याने आपले नशीब आपल्या हाती घेण्याची ती मोठी गोष्ट होती. पण हा ऊस तोडणारे हात पुष्कळदा दुरून येतात, पाथर्डी-शेवगावकडून, बीडकडून. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास घर बंद करून निघतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. कारखान्याच्या परिसरात कोप्या उभ्या राहतात आणि प्रत्येक कोपीपुढे तीन दगड मांडले जातात. आकाश तेच, नदी तीच, दगडही तीनच.

मी शाळेत शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे काही बाके रिकामी दिसतात. ती भरतात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. अशीच एक सहावीतली मुलगी परत आली, तेव्हा मी तिला विचारले, “तिथे स्वयंपाक कोण करायचं गं?”

“मीच, बाई. आई फडात असायची.”

“उघड्यावर शिजवलेलं जेवण कसं लागतं?”

ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. तिला उत्तर येत नव्हते असे नाही; प्रश्नच तिला कळला नाही.

चव तीन दगडांत असती, तर या मुलीइतके सुखाचे जेवण कोणाच्याच वाट्याला आले नसते. तेव्हा दगड, धूर आणि आकाश यांना श्रेय देणे आता सोडले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे घरातल्या चुली-शेगड्यांच्या धुराने २०२० साली जगभर सुमारे ३२ लाख माणसे दगावली. आम्ही दोन दिवस जो धूर हौसेने डोळ्यांत घेतो, तो कित्येक बायकांच्या छातीत जन्मभर साठत जातो. आम्हांला तो गोड वाटतो, कारण तिसऱ्या दिवशी घरी गॅस आहे. परतीची वाट मोकळी असणे, हा आमच्या खिचडीतला पहिला मसाला. तो आम्ही घरून नेतो. रानात तो मिळत नाही.

दुसरा मसाला त्याहून महत्त्वाचा. रानात स्वयंपाक सर्वांचा असतो. प्रत्येकाचा हात लागल्यामुळे करपलेल्या घासातही प्रत्येकाला आपला वाटा दिसतो, आणि आपल्या वाट्याला कोणी नावे ठेवीत नाही. कष्ट एकत्र केले की हे आपोआप घडते, असेही नाही. फडात नवराबायको बरोबरीने राबतात. पण पहाटे अंधारात उठून भाकऱ्या थापायच्या त्या बहुधा तिने एकटीने, नाही तर तिच्या लेकीने. म्हणजे चुलीपाशी वाटणी व्हायची असेल, तर ती ठरवून करावी लागते.

इथेच मला आमच्या सहलींबद्दल थोडे कठोर बोलावेसे वाटते. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडात ब्राउनसी बेटावर मुलांची पहिली छावणी भरवली. तेव्हापासून जगभरचे बालवीर रानात आपले अन्न आपण शिजवायला शिकत आले आहेत. रानात त्याला स्वावलंबन म्हणतात. घरी आले की तेच बायकी काम होते. मी हे बोलले तेव्हा हे म्हणाले, “अगं, सहलीची गोष्ट वेगळी. रोज का कोणी सहलीला जातं?” बरोबर आहे, पण जेवण तर रोज असते. रानात वाऱ्याशी झुंजून चूल पेटवणाऱ्या माणसाला घरी नुसते बटण फिरवणे अवघड का जावे? घरी ओट्यापाशी एकालाच जागा असते, हे काही खरे उत्तर नव्हे. तीन दगडांभोवती त्याहून कमी जागा असते आणि आम्ही आठजण मावतो.

म्हणून सहलीला जाऊच नये, असे माझे म्हणणे नाही. हौस हा गुन्हा नव्हे, आणि आम्ही उपाशी राहिल्याने कोपीतली चूल बदलणार नाही. मात्र दोन गोष्टी आपल्याकडून व्हाव्यात. तीन दगडांवर रोज रांधणाऱ्यांना ‘किती साधे, किती सुखी जीवन!’ असे म्हणू नये. ते आपल्या दोन दिवसांच्या आनंदाचे माप दुसऱ्याच्या आयुष्याला लावणे आहे. आणि रानातून परतताना राखेवर पाणी ओतून यावे, पण कामाची वाटणी तिथेच टाकून येऊ नये. सामानातली तेवढीच वस्तू खरोखर घरी आणण्याजोगी असते.

राहिली ती सहावीतली मुलगी. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत गॅस पोचला. पण घरच सहा महिने मागे राहिले, तर त्यातल्या शेगडीचा तिला काय उपयोग? तिला आधी बाकावरची तिची जागा हवी, बाराही महिने. मग कधी तरी तिने मैत्रिणींना घेऊन हौसेने चूल मांडावी, आणि कंटाळा आला की विझवून घरी जावे. त्या दिवशी माझा प्रश्न तिला कळेल.