आर्ताची हाक आणि आजीची ओवी



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ७, श्लोक १६ ते १८

भगवंत इथे आपल्याला भजणाऱ्यांचे चार प्रकार सांगतात : आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. आर्त म्हणजे संकटात सापडून देवाला हाक मारणारा. आणि यादीत त्याचं नाव पहिलं आहे, बरं का!

मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. पुण्यात रूमवर एकटाच होतो. देवासमोर बसायचीसुद्धा लाज वाटायची. पगार चालू होता तेव्हा कधी आठवण काढली नाही, आता कोणत्या तोंडानं मागू? एका रात्री आजीला फोनवर हे सांगून टाकलं. आजी धाराशिव जिल्ह्यातली, तेरजवळच्या खेड्यातली. ती हसली. "अरं, लेकरू पडल्यावरच आईला हाक मारतंय की. त्यात लाज कसली?"

मग तिनं १९७२ च्या दुष्काळाचं सांगितलं. नुकतंच लग्न झालेलं. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची. घरात ज्वारीचा दाणा नाही, रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा. पहाटे उठून सासूसोबत तोच जात्यावर दळायचा आणि दळताना ओव्या म्हणायच्या. पहिली ओवी देवाला, मग माहेराला, भावाला. त्यांत सगळं यायचं : आटलेली विहीर, उपाशी बैल, विठ्ठलावरचा रुसवा, तुळजापूरच्या आईला घातलेलं साकडं.

मी विचारलं, "आजी, गाणं म्हणून भूक जायची का?"

"भूक कशी जाईल? पण जातं हलकं लागायचं."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. जात्याचा दगड तेवढाच जड होता. पाऊसही लगेच आला नाही. पण ती आपलं दुःख कुणाला तरी सांगत होती, आणि सांगता सांगता पुढची मूठ जात्यात पडत होती. ऐकणारा आहे हा विश्वास आणि न थांबलेला हात, मला तरी आशा म्हणजे हेच वाटतं.

तेर हे गोरोबाकाकांचं गाव. त्यांनी चिखल तुडवत नाम घेतलं, आजीनं दळता दळता घेतलं. माउलींनी १२९० मध्ये गीता मराठीत सांगितली, तीही ओवीतच.

अठराव्या श्लोकात भगवंत म्हणतात, ज्ञानी तर माझा आत्माच आहे, पण हे सगळेच भक्त उदार आहेत. म्हणजे रडत आलेल्यालाही दार उघडं आहे. "आधी कुठे होतास?" असं तिथे कुणी विचारत नाही. त्या रात्री मी देवासमोर बसलो. रडलो. सकाळी उठून पुन्हा अर्ज भरायला घेतले. नोकरी लागायला पुढे चार महिने गेले, पण ते महिने मी एकट्यानं काढले नाहीत.

आज एवढंच करून बघा : मनावर जे ओझं आहे ते देवाला आपल्या साध्या शब्दांत सांगा, आणि मग समोरचं एक काम हातात घ्या.

हे पांडुरंगा, दळण मोठं आहे. तू ऐकत राहा, आम्ही हात थांबवणार नाही.

राम कृष्ण हरी!